भावोजींनी बांधलेला पिझ्झा

आमचे भावोजी जिना चढत नाहीत, जिन्यावर चाल करून जातात. खाली त्यांचा बाइंडिंगचा कारखाना आणि वर घर. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, पण त्यांच्यासमोर तिला खोली म्हणायची सोय नाही. खाली काही सुचलं की वर येऊन सांगितल्याशिवाय त्यांना करमत नाही, आणि सुचतं त्यांना दिवसभर. मग कानावर पेन्सिल, एप्रनला पुठ्ठे डकवायच्या खळीचे डाग आणि दारातूनच आरोळी, "अगं, ऐकलंस का!" ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, मान वर न करता म्हणते, "खालूनच ऐकलं. पुढे बोला."

मी त्यांची मेव्हणी. मागच्या खोलीत राहते, लोकांना गाडी चालवायला शिकवते, आणि जेवणखाण सगळं ताईकडेच. दिवसभर शिकाऊ माणसाशेजारी बसून ब्रेक दाबायचा धंदा, म्हणून माझा स्वभाव तापट झाला असं भावोजींचं म्हणणं. मी म्हणते, तो आधीपासूनच होता, धंदा नंतर त्याला शोभेलसा निवडला.

भावोजींना फाटकं पुस्तक बघवत नाही. दवाखान्यात नंबर येईपर्यंत बाकीचे लोक मासिकं वाचतात, हे त्यांची शिवण तपासतात. एकदा तर नंबर लागला तरी उठले नाहीत, कारण मासिकाच्या पिना काढून हातात ठेवल्या होत्या. स्वतःच्या लग्नाचा अल्बम सुटा झाला तेव्हा तो त्यांनी उत्साहाने नव्याने बांधला. अल्बम आता पक्का आहे, पिढ्यान्‌पिढ्या टिकेल. फक्त त्यात पाहुणे आधी जेवून घेतात आणि लग्न नंतर लागतं. ताईने अजून त्यांना माफ केलेलं नाही.

या माणसाचा दुसरा जीव पिझ्झ्यावर. मोठं काम हातावेगळं झालं की कोपऱ्यावरच्या दुकानातून पिझ्झा यायचाच, हा कारखान्याचा कायदा होता. कामाच्या टेबलावरचे पुठ्ठे बाजूला सारायचे, मधोमध खोकं ठेवायचं आणि सगळ्यांनी उभ्याउभ्या खायचं. माझी भाची खारू मात्र टेबलावर मांडी घालून बसायची. गालात तोबरा भरून खाते म्हणून तिला खारू म्हणतात, खरं नाव शाळेपुरतं. भावोजी पहिला घास घ्यायच्या आधी रिकाम्या हाताने खोक्याच्या कडा चाचपायचे. "घडी बघ काय घातलीये! एक टाका नाही, एक थेंब खळ नाही!" आम्ही म्हणायचो, "भावोजी, पिझ्झा निवतोय."

मग खारूचं पोट दुखायला लागलं. गालातला तोबरा गेला, मग गालही गेले. वर्गातल्या मुली उंच होत चालल्या आणि ही तेवढीच. तपासण्या झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हिच्या आतड्यांना ग्लुटेन सोसत नाही. गहू, बार्ली आणि त्यांचे सगळे भाऊबंद कायमचे बंद.

"थोडंसं? सणासुदीला?" भावोजींनी विचारलं.

"कणभरही नाही," बाई म्हणाल्या.

घरी येऊन भावोजींनी स्वयंपाकघराच्या मधोमध उभं राहून जाहीर केलं, "जे पोरीला चालत नाही, ते या घरात कोणालाच चालत नाही." ताईने बोलण्यात वेळ घालवला नाही. तिने डबे काढले. ब्रेड गेला, रवा गेला, नूडल्स गेल्या, मैदा गेला, सोया सॉसची नवीकोरी बाटली शेजारणीच्या हातात गेली. चाळणी नवी, तवा नवा, लाटणंसुद्धा नवं. माझ्या उशाशी दडवलेला बिस्किटांचा पुडाही तिने हुडकून काढला. बिस्किटाशिवाय चहा प्यायची मला तेव्हा फार सवय नव्हती, पण खारूकडे बघितलं आणि गुमान कप तोंडाला लावला. घरात चौघंही एकाच पथ्यावर. मला तर त्यात एक गंमतच वाटायला लागली होती. दुकानात पुडा उलटा करून बारीक अक्षरं वाचताना आम्ही सगळे गुप्तहेर झालो होतो. खारू सगळ्यात आधी ओरडायची, "सापडला! गहू!"

शाळा सुटली की ती थेट कारखान्यात जायची. तिथे तिचं एक उंच स्टूल होतं. भावोजी खळ लावत आणि ती छापून आलेली पानं क्रमाने लावायची. जिभेला बोट, पानाला बोट, फर्रकन पुढचं पान, पुन्हा जिभेला बोट, अगदी बापासारखं. भावोजी येणाऱ्या गिऱ्हाइकाला थांबवून दाखवायचे, "हात बघा पोरीचा! माझा झाला नाही एवढ्या वयात."

काही महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. आम्ही तिघंही तिच्याबरोबर गेलो होतो, बक्षीस समारंभाला गेल्यासारखे. आकडा खाली यायला हवा होता, तो जेमतेम हलला होता. डॉक्टरीणबाई रिपोर्टवरून नजर काढून खारूला म्हणाल्या, "बाळा, बाहेर काही खातेस का? शाळेत, मैत्रिणींबरोबर? मी रागावणार नाही."

"नाही," खारू म्हणाली.

त्या 'नाही'वर कोणाचा विश्वास बसला नाही. घरात गव्हाचा कण नाही, मग पोटात जातो कुठून? ताईने दप्तर तपासलं, मैत्रिणींच्या आयांना फोन केले. मी मोठ्या मनाचा आव आणून म्हटलं, "जाऊ दे गं, वयच आहे ते." खारूने माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचं वाक्य गिळलं. त्यानंतर ती पिझ्झाच्या दुकानावरून जाईनाशी झाली. पूर्वी बाहेरच्या पाट्या मोठ्याने वाचत जायची, आता आधीच रस्ता ओलांडायची.

भावोजी तिला एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी मनातल्या मनात हिशेब मांडला. पोरीला बाहेर जावंसं वाटतं, कारण घरात मिळत नाही. मग घरात मिळालं पाहिजे. झालं! दुसऱ्या दिवशी जिन्यावर धाडधाड पावलं आणि दारातून आरोळी, "अगं, ऐकलंस का! पिझ्झा होणार! आपल्याकडे! बिनगव्हाचा!" उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग. ओव्हन यायच्या आधी पिझ्झा कापायचं चाक आलं.

पहिला पिझ्झा तांदळाच्या पिठाचा. तो ओव्हनमधून बाहेर आला आणि टेबलावर ठेवताना टक्‌ असा आवाज झाला. भावोजींनी त्याचा एक तुकडा मोडून पाहिला, उजेडात धरला, आणि खरंच खाली नेऊन पुठ्ठ्याशी ताडून बघितला. "जाडी तीच आहे," परत येऊन म्हणाले. दुसरा मक्याच्या पिठाचा, तो जाळीतून खाली गळाला. बाजारातून तयार पाकीट आणलं, त्याला वर्तमानपत्राची चव होती. पण माणूस खचेल तर शपथ! प्रत्येक फजितीनंतर त्यांचे डोळे जास्तच चमकायचे. "पिठाला पकड नाही गं," ते मला समजावून सांगायचे. "गव्हात जे चिकट असतं ना, ते आपल्या शिवणीच्या दोऱ्यासारखं काम करतं. दोराच काढून घेतला तर पुस्तक उभं कसं राहणार? आपल्याला दुसरा दोरा शोधायचाय."

दोरा सापडला तो माझ्या पेल्यात.

आता हे सांगायला नको, पण सांगावंच लागणार. दिवसभर गाडीत बसून माझ्या पोटाच्या तक्रारी असतात, म्हणून झोपताना मी पाण्यात इसबगोल घालून घेते. एके रात्री पेला तसाच ओट्यावर विसरले. सकाळी मी दात घासत होते आणि स्वयंपाकघरातून अशी किंकाळी आली की मला वाटलं, गॅसचा भडका उडाला. धावत गेले. भावोजी माझा पेला उलटा धरून उभे. आतला गोळा पडत नव्हता. त्यांनी पेला हलवला. गोळा थरथरला, पण पडला नाही.

"पकड!" ते ओरडले. "बघ, बघ, पकड!"

"भावोजी, ते माझं इसबगोल आहे," मी तोंडातल्या फेसातून म्हटलं.

"होतं! आता ते पिझ्झ्याचं झालं! अगं, ऐकलंस का!"

तांदळाचं पीठ, थोडं मक्याचं, थोडं बटाट्याचं, आणि त्यात भिजवलेलं इसबगोल. ताईने त्यांचे हात कोपरापर्यंत साबणाने धुऊन घेतले, नखांना ब्रश लावला, कपडे बदलायला लावले आणि मगच परातीजवळ बसू दिलं. दुधाने तोंड पोळलेली बाई ती, ताकही फुंकून पिणारच. भावोजींनी गोळा मळला, दोन्ही हातांत धरून ताणला आणि तो ताणला गेला! फाटला नाही, भुरभुरला नाही. ते नाचायचेच बाकी होते. ताईने बोटाने दाबून पाहिलं आणि कितीतरी दिवसांनी हसली. "जमतंय की हो," म्हणाली.

खरा पिझ्झा करायचा तो एका वाचनालयाचं काम संपल्यावर, असं ठरलं. कारखान्याचा कायदा मोडायचा नाही. त्या आठवड्यात भावोजी खाली दार लावून काहीतरी करत होते आणि खारूलासुद्धा आत घेत नव्हते. पुस्तकं वाचनालयाकडे रवाना झाली त्या संध्याकाळी आम्ही चौघं ओव्हनच्या काचेला डोकी लावून बसलो. वर टोमॅटोचा सॉस, ढोबळी मिरची, कांदा, मक्याचे दाणे आणि चीज. कडा हळूहळू वर आल्या, फुगल्या, त्यांच्यावर तांबूस ठिपके उमटले. मी स्वतः टाळ्या वाजवल्या, आणि मी टाळ्या वाजवणारी बाई नाही. खारूचं तर नाक काचेला चिकटलेलं होतं.

"आता सगळे बाहेरच्या खोलीत," भावोजींनी हुकूम सोडला.

आम्ही जाऊन बसलो. थोड्या वेळाने दारावरची बेल वाजली. खारूने दार उघडलं. बाहेर भावोजी, डोक्यावर माझी उन्हाची टोपी, हातात पिझ्झाचं खोकं. "मॅडम, तुमची ऑर्डर!"

आणि काय खोकं होतं ते! दुकानातल्या खोक्याने लाजून मान खाली घालावी. करकरीत पुठ्ठा, आतून पांढरा कागद डकवलेला, झाकणाला पुस्तकासारखी लाल कापडी पट्टी, वर सोनेरी अक्षरांत खारूचं शाळेतलं नाव. आठवडाभर दार लावून हे चाललं होतं. खारू खदखदून हसली. तिने खोकं दोन्ही हातांनी घेतलं, टेबलावर ठेवलं. मग तिचा चेहरा बदलला.

"बाबा, हा तू का केलास?"

"का म्हणजे? पिझ्झा खायला!"

"मी बाहेर खाते असं वाटतं म्हणून ना?"

भावोजींना खोटं बोलता येत नाही. टोपी काढून हातात फिरवत राहिले. "घरात मिळालं तर... बाहेर कशाला जावं लागेल, असं वाटलं," ते म्हणाले.

"म्हणजे तुला पण वाटतं. मला वाटलं होतं, तुला तरी नाही वाटत."

एवढंच बोलली. इतके दिवस ती ताईचं ऐकून घेत होती, माझं ऐकून घेत होती, ते कशाच्या जोरावर, हे मला तेव्हा कळलं. तोही आधार बापाने सोन्याच्या अक्षरांत गुंडाळून काढून घेतला होता.

पण शेवटी लेकरू ते, आणि पिझ्झाचा वास सुटलेला. तिने झाकण उचललं. वाफेचा लोट आला. त्या वाफेने आतला पांढरा कागद ओला होऊन फुगला होता, त्याचा एक कोपरा सुटून तिच्या बोटांना चिकटला. आणि टोमॅटोच्या, चीजच्या वासातून आणखी एक वास आला. लवंगेचा. पिझ्झ्यात लवंग कोण घालतं? ताईने हुंगून पाहिलं. खारूने चिकटलेला कागद झटकला, तुकडा उचलायला सवयीने जिभेला बोट लावायला गेली.

"थांब!"

भावोजी असे ओरडले की माझा उजवा पाय आपोआप ब्रेकवर गेला, तिथे ब्रेक नव्हता तरी. त्यांनी खारूचं मनगट धरलं होतं आणि तिच्या बोटाकडे बघत होते. बोटावर पांढरट, चिकट काहीतरी होतं.

"हे तू रोज करतेस," ते म्हणाले.

"काय?"

"बोट जिभेला. टेबलावर. पानं लावताना."

"तूच शिकवलंस."

"अहो, झालं काय?" ताई घाबरली.

"खळ," भावोजी म्हणाले. "आपली खळ कशाची असते?"

"कशाची म्हणजे? किडीसाठी लवंगेचं तेल आणि मैद्या..." ताई म्हणाली आणि तिथेच थांबली.

आम्ही घरातला गहू चिमटीने वेचून काढला होता. आणि खाली कारखान्यात मैद्याचं पोतं उभं होतं, रोज सकाळी त्यातून पातेलंभर खळ शिजत होती. पण बाइंडरच्या घरात मैदा एकदा त्या पातेल्यात पडला की तो मैदा राहत नाही, खळ होतो. खळ हे अवजार, जशी सुई, जशी कात्री. सुई कोण खातं? डॉक्टरीणबाईंनी काय काय खाता म्हणून विचारलं होतं, आम्ही काय काय खातो ते सांगितलं होतं. खारू रोज शाळा सुटल्यावर खळीने माखलेल्या टेबलाशी बसून जिभेला बोट लावत होती, आणि आम्ही तिच्या मैत्रिणींच्या आयांना फोन करत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हाच.

मला वाटलं, भावोजी आता मटकन खाली बसतील. ते उलट उसळलेच. "बाहेर खात नव्हती!" ते ओरडले. "अगं, ऐकलंस का! माझी पोर बाहेर खात नव्हती! मी भरवत होतो! मीच!" स्वतःवर गुन्हा शाबित झाल्याचा एवढा आनंद झालेला माणूस मी दुसरा बघितला नाही. हसत होते, डोळे पुसत होते, आणि खारूचं ते बोट सोडत नव्हते. खारू मनगट ओढत म्हणत होती, "बाबा, दुखतंय."

पुढचा रिपोर्ट चांगला खाली आला हे आताच सांगून टाकते, उगाच कोणाचा जीव टांगणीला नको. खालचं पोतंही गेलं. टेबल घासून झालं, आता तांदळाची खळ शिजते, ती मैद्याच्या खळीइतकी चांगली बसत नाही असं भावोजी रोज सांगतात आणि रोज तीच शिजवतात. पानं ओल्या स्पंजला बोट लावून मोजतात दोघं. कधी चुकून कोणाचा हात तोंडाकडे गेला की दुसरा डाफरतो. बहुतेक वेळा डाफरते खारूच.

पण त्या संध्याकाळी पिझ्झा राहिलाच होता. खोक्यातला तर कोणालाच चालणार नव्हता, कायदा तो कायदा. भावोजींनी तो खोक्यासकट उचलून स्वतः बाहेर कचऱ्यात नेला, सोनेरी अक्षरं आणि सगळं, आणि परत येताना जिना दोन-दोन पायऱ्या गाळून चढले. "पीठ उरलंय!" एक लहान गोळा उरला होता खरा. ताईने या वेळी त्यांना थेट आंघोळीलाच पिटाळलं. मग खारूला मोरीशी बसवून तिचे हात धुतले, एकेक बोट, एकेक नख, तान्ह्या बाळाचे धुवावे तसे. खारूने हात काढून घेतला नाही.

दुसरा पिझ्झा बशीपेक्षा थोडा मोठा झाला. चीज संपत आलं होतं, मक्याचे दाणे चार दिसत होते. तो ट्रेसकटच ओट्यावर ठेवला आणि आम्ही सगळे भोवती उभे राहिलो. भावोजींनी चाक फिरवलं. खारूने एक तुकडा उचलला. चीजची तार लांबत गेली, लांबत गेली, तुटेना. आम्ही तिघं तिच्या तोंडाकडे बघत होतो.

तिने घास घेतलाच नाही.

"आधी म्हणा," ती म्हणाली.

"काय म्हणू, बाळा?" ताईने विचारलं.

"मी खरं सांगत होते, असं."

ताईने पदर नाकाला लावला. "तू खरं सांगत होतीस," ती म्हणाली. तिचा आवाज मध्येच फुटला, तर तिने ते वाक्य पहिल्यापासून पुन्हा म्हटलं. भावोजी तर आधीच म्हणत सुटले होते, तीन-चारदा म्हणून झालं त्यांचं. मग खारू माझ्याकडे वळली. तुकडा तसाच हातात, चीज मनगटावर ओघळतंय.

"मावशी, तू पण."

"खरं सांगत होतीस गं बाई तू," मी म्हटलं. माझे कान गरम झाले होते. "आम्ही गाढव."

मग तिने घास घेतला, मोठा, दोन्ही गाल फुगतील एवढा. चीज कढत होतं. डोळ्यांतून पाणी आलं, हात पंख्यासारखे हलायला लागले, तोंडातून नुसतं "हा हा हा" येत होतं, पण थुंकायला तयार नाही. ताई म्हणाली, "फुंकून खा गं!" भावोजी म्हणाले, "कसा झालाय? सांग ना, कसा झालाय?" तिने मान हलवली, डोळे मिटले आणि दुसरा तुकडा उचलला.

उरलेल्या पिझ्झ्यावर तिने आडवा हात धरून ठेवला होता. आम्हाला कोणालाच तिने तुकडा दिला नाही, आणि आम्हीही मागितला नाही.